शाळेतल्या बाईंची बोली : 'माज्या जल्माची चित्तरकथा'चे एक पुनर्वाचन

प्रस्तावना

शांताबाई कृष्णाजी कांबळे यांचे २५ जानेवारी २०२३ रोजी निधन झाले. त्यांचा जन्म १ मार्च १९२३ चा. म्हणजे वयाची शंभर वर्षे पूर्ण होण्यास अवघे पाच आठवडे उरले होते. मराठी साहित्याच्या अभ्यासकांना त्यांची ओळख प्रामुख्याने दोन नात्यांनी आहे. दलित स्त्रीचे पहिले आत्मकथन म्हणून ज्याची नोंद केली जाते त्या 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६) या पुस्तकाच्या त्या लेखिका. आणि दलित पँथरचे एक अग्रणी नेते, कवी व प्राध्यापक अरुण कांबळे यांच्या त्या मातोश्री. या दोन ओळखींच्या मध्ये तिसरी एक ओळख आहे, जी बहुधा परिचयाच्या एखाद्या वाक्यात उरकली जाते. ती म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील पहिल्या दलित शिक्षिका ही. १९४२ साली त्या सोलापूर जिल्हा स्कूल बोर्डाच्या शाळेत रुजू झाल्या. १९५२ साली दोन वर्षांच्या अध्यापक प्रशिक्षणासाठी पुण्यास गेल्या. पुढे जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून त्यांनी काम केले आणि १९८१ मध्ये त्या सेवानिवृत्त झाल्या. एकोणचाळीस वर्षांचा हा काळ आहे. पुस्तक त्यानंतरचे.

पुस्तकाविषयी आजवर जे लेखन झाले त्यात जात आणि लिंगभाव या दोन अंगांनी भरपूर विचार झालेला आहे व तो आवश्यकही होता. मात्र हे पुस्तक एका प्राथमिक शिक्षिकेने लिहिलेले आहे, ही गोष्ट वाचनपद्धतीत कोठे उतरलेली दिसत नाही. तिचा उल्लेख होतो, उपयोग होत नाही. एकोणचाळीस वर्षे मुलांच्या पाट्या आणि वह्या तपासणारी, पुढे शाळाच तपासणारी एक स्त्री निवृत्तीनंतर लिहावयास बसते आणि शीर्षकासाठी तीन शब्द निवडते. त्या तिन्ही शब्दांपैकी एकही शालेय पुस्तकात ज्या रूपात छापला जाई त्या रूपात नाही. प्रस्तुत लेखात या एका गोष्टीचा अर्थ लावण्याचा प्रयत्न केला आहे.

'पहिली' या शब्दाविषयी

'पहिली' हे विशेषण अभ्यासकाने जपून वापरावे असे आहे. शांताबाई दलित समाजातील पहिल्या शिक्षिका नव्हेत. नागपूरमध्ये जाईबाई चौधरी यांनी १९२० च्या दशकात चोखामेळा यांच्या नावाने कन्याशाळा चालवली होती, आणि उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथामुळे आंबेडकरी चळवळीतील अशा कितीतरी स्त्रियांचे कार्य नोंदले गेले. शांताबाईंचे 'पहिलेपण' एका जिल्ह्यापुरते आहे. परंतु त्यामुळे ते लहान ठरत नाही. उलट त्याचे खरे मोल त्या मर्यादेतच कळते.

महात्मा फुले यांच्या शाळेतील मांग समाजाची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. त्यानंतर सत्त्याऐंशी वर्षांनी सोलापूर जिल्ह्यातील एका शाळेत दलित स्त्री खुर्चीवर बसली. पुण्याहून सोलापूरपर्यंतच्या या अंतरास लागलेली वर्षे मोजली की सामाजिक इतिहासाचा वेग ध्यानी येतो. सार्वजनिक पाणवठे, शाळा व धर्मशाळा अस्पृश्यांसाठी खुल्या कराव्यात हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला तो ऑगस्ट १९२३ मध्ये, म्हणजे शांताबाईंच्या जन्मवर्षातच. तो कागदावर किती आणि महूदसारख्या गावात किती, याची साक्ष नाजाच्या बालपणात मिळते. सवर्ण घराच्या दारापुढे तिला दूर उभे राहावे लागते. शाळेत प्रवेश मिळाला तरी शाळेतील जागा मिळाली असे होत नाही.

येथे एक स्पष्टीकरण. 'नाजा' हे आत्मकथनातील नायिकेचे, म्हणजे लेखिकेचेच, घरातील नाव आहे. मुंबई दूरदर्शनवर या कथनावर आधारित मालिका आली तीही 'नाजुका' या नावाने. प्रस्तुत लेखात अनुभव घेणारी ती 'नाजा' आणि तो लिहिणाऱ्या त्या 'शांताबाई' असा भेद पाळला आहे. तो सोयीसाठी तर आहेच. पण त्याला साहित्यातला आधारही आहे. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये शिकलेला दया पवार आणि त्याला आपली कहाणी सांगणारा दगडू मारुती पवार अशी एकाच माणसाची दोन नावे समोरासमोर उभी राहतात. शिक्षणाने माणूस दुभंगतो, हे त्या रचनेतून पवारांना सांगायचे होते. शांताबाईंकडे ही फोड नाही. नाजा आणि शांताबाई एकमेकींना अनोळखी झालेल्या नाहीत. असे का, हा प्रश्न पुढे येणारच आहे.

भाकरी आणि पगार

पुस्तकाची अर्पणपत्रिका आई-वडिलांना उद्देशून आहे. उन्हातान्हात, उपाशीपोटी राबून त्यांनी आपल्याला शिकवले, असा तिचा आशय. दलित आत्मकथनांत आई राबते आणि मुलगा शिकतो, हा क्रम इतका परिचित आहे की वाचक त्याकडे लक्षही देत नाही. येथे आई आणि बाप दोघे राबतात आणि शिकते ती मुलगी. १९३० च्या दशकात, माणदेशाच्या कोरड्या मुलखात, महारवाड्यातील एका घराने घेतलेला हा निर्णय म्हणजे कथनातील पहिली मोठी घटना मानावयास हवी. पुस्तकावरील चर्चेत ती क्वचितच घटना म्हणून येते; पार्श्वभूमी म्हणून येते.

भूक हा पुस्तकाचा स्थायीभाव आहे, यात शंका नाही. परंतु भूक कशी मांडली आहे यापेक्षा भूक कोणत्या अर्थव्यवस्थेतील आहे, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल. बलुतेदारीत महाराला कामाचा मोबदला रोख मिळत नसे. येसकरकीची पाळी करणाऱ्याने घरोघर जाऊन भाकरी मागायची. ती देणाऱ्याच्या मर्जीवर मिळे आणि वरून टाकली जाई. कामाचा मोबदला आणि भीक यांतील सीमारेषा पुसून टाकणारी ही व्यवस्था होती. अशा घरातील मुलगी महिनाअखेरीस पगारपत्रकावर सही करून ठरलेली रक्कम घेते, तेव्हा घरातले दारिद्र्य लगेच संपत नाही. पण मोबदला मागून घ्यायचा नसतो, तो देय असतो, हे नवीन ज्ञान त्या घरात शिरते. त्या काळी मुंबई प्रांतात सातवीची व्हर्नाक्युलर फायनल हा प्राथमिक शिक्षकाच्या नोकरीचा दरवाजा होता. दलित मुलामुलींच्या एका पिढीने त्याच दरवाजातून प्रवेश केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावकीची कामे सोडण्याचा जो आग्रह धरला होता त्याचे एक मूर्त रूप म्हणजे ही मास्तरकी. 'वतन' सोडून 'वेतन' घेणे, असा शब्दखेळ येथे करता येईल. तो मोहक आहे, पण नाजाच्या आयुष्यात तो खेळ नव्हता.

नोकरीने सर्व प्रश्न सुटले, असा भाबडा निष्कर्ष पुस्तक काढू देत नाही. नाजाचे पतीही शिक्षक. म्हणजे घरात दोघे शिकलेले, दोघे मिळवते होणारे. तरीही पतीने दुसरे लग्न केले. नाजा घर सोडून माहेरी येते. कालांतराने संसार पुन्हा जुळतो. या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष योग्य रीतीने गेले आहे. शिक्षणाने जातीच्या प्रश्नावर जागा झालेला पुरुष घरातील सत्तेच्या प्रश्नावर जागा होतोच असे नाही, हा त्याचा सरळ अर्थ. गोपाळ गुरू यांनी १९९५ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याची जी मीमांसा केली, तिचा पुरावा शांताबाईंनी आधीच लिहून ठेवला होता.

या ठिकाणी शर्मिला रेगे यांच्या मांडणीचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. 'रायटिंग कास्ट, रायटिंग जेंडर' (२००६) या ग्रंथात त्यांनी शांताबाईंसह आठ दलित स्त्रियांच्या कथनांना 'टेस्टिमोनिओ', म्हणजे समूहाची साक्ष, असे म्हटले. येथील 'मी' हा एकटा 'मी' नसून समाजाचा आहे, हे त्यांचे प्रतिपादन मौलिक आहे आणि मध्यमवर्गीय आत्मचरित्राची मापे या पुस्तकांना लावू नयेत, हा धडा त्यामुळे सर्वांना मिळाला. परंतु ही संज्ञा शांताबाईंना पूर्णपणे लागू पडत नाही. साक्षीदार समूहाच्या वतीने बोलतो. शिक्षिकेला मात्र नोकरीतील प्रत्येक कागदावर एकटीने सही करावी लागते. नेमणूक, बदली, प्रशिक्षण, पदोन्नती, निवृत्ती हे सारे एका व्यक्तीच्या नावे घडते. महारवाड्यातून तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात पोहोचलेली स्त्री समूहाची साक्ष देतेच, पण त्या कार्यालयात ती समूहाशिवाय बसलेली असते. तिच्या 'मी'मधले हे एकटेपण 'आम्ही'त विरघळवून टाकले तर तिच्या आयुष्यातील मोठा भाग वाचनाबाहेर राहतो.

हेही मान्य केले पाहिजे की लेखिकेने स्वतःच या भागाला तुलनेने कमी रंग दिला आहे. बालपण आणि विवाह यांचे ठसे जितके गडद, तितके नोकरीतील दिवसांचे नाहीत. नोकरीच्या हकिकती येतात. अध्यापन कसे केले, हा तिचा विषय होत नाही. एखाद्या वर्गाचे, एखाद्या पाठाचे विस्तृत चित्र असते तर मराठी साहित्याला ते हवेच होते. ही पुस्तकाची उणीव आहे.

मास्तर आणि बाई

ती उणीव विशेष जाणवते, कारण माणदेशातील शाळामास्तर मराठी वाचकाला चांगलाच ठाऊक आहे. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' (१९५५) ही कादंबरी म्हणजे औंध संस्थानातील धनगरांच्या एका वाडीत शिक्षक म्हणून गेलेल्या तरुणाची कथा. शांताबाईंचे जन्मगाव महूद सांगोला तालुक्यात. अरुण कांबळे यांचे जन्मगाव करगणी आटपाडी तालुक्यात. माडगूळ त्याच तालुक्यात. आणि 'तराळ-अंतराळ' (१९८१) लिहिणारे शंकरराव खरात आटपाडीचेच. मराठी गद्यातील इतकी महत्त्वाची नावे पावसाने पाठ फिरवलेल्या एवढ्याशा टापूतून यावीत, हे स्वतंत्र अभ्यासाचे प्रकरण आहे.

'बनगरवाडी'तील मास्तर वाडीवर उपरा म्हणून येतो. धनगर आरंभी संशयाने पाहतात. हळूहळू त्याची शाळा भरते, तो लोकांची पत्रे लिहितो, त्यांचे पैशाअडक्याचे व्यवहार निस्तरतो, त्यांच्या भांडणात पडतो. अखेर दुष्काळाने वाडी उठते आणि मास्तरालाही निघावे लागते. हा मास्तर एकटा आहे, तरुण आहे आणि शाळेच्या जागेतच राहू शकतो. त्याच्या परकेपणाला इलाज आहे. तो काळाने व चांगुलपणाने संपतो.

याच मुलखात, जवळजवळ त्याच काळात, दुसरे शिक्षक-पात्र वावरत होते. ते स्त्री होते, विवाहित होते, मुलाबाळांचे होते आणि महार होते. नव्या गावी रुजू होताना अशा शिक्षिकेपुढे पहिला प्रश्न मुले शाळेत येतील का हा नसतो. राहायला खोली कोण देईल आणि पाणी कोठे भरायचे, हा असतो. तिच्या परकेपणाला चांगुलपणाचा इलाज पुरत नाही. 'बनगरवाडी' श्रेष्ठ कादंबरी आहे, याविषयी दुमत नसावे. पण माणदेशातील शाळेचे तेच चित्र पूर्ण आहे असे समजून ती शिकवली जाते, तेव्हा शांताबाईंचे पुस्तक शेजारी ठेवण्याची गरज निर्माण होते. एक पुस्तक गावाकडे पाहते. दुसऱ्याकडे गाव पाहत असते.

यात एक भाषिक घटना दडलेली आहे. मराठी शाळेत शिक्षिकेला मुले 'बाई' म्हणतात. ज्या गावात महार स्त्रीला नावाने किंवा जातीनेच हाक मारण्याची रीत होती, त्या गावातील पाटील-कुलकर्ण्यांची मुले तिला दिवसातून पन्नास वेळा 'बाई' म्हणू लागतात. मुलांना त्यात काही विशेष वाटत नसणार. हाक शाळेने शिकवलेली. शिवाय अस्पृश्य मुलांच्या पाट्या मास्तर दुरूनच तपासत, असे दाखले दलित लेखनात वारंवार येतात. शिक्षिकाच दलित असेल तर ही दिशा उलटते. आता सवर्ण मुलाची पाटी तिच्या हाती येते, तिच्यावर तिची बोटे उमटतात आणि तीच पाटी घेऊन मूल घरी जाते. सामाजिक परिवर्तनाच्या इतिहासात सत्याग्रहांच्या तारखा नोंदल्या जातात, आणि जाव्यातच. पाटीच्या या येरझारांची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात नाही.

शीर्षकातील तीन शब्द

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. 'माझ्या'ऐवजी 'माज्या', 'जन्माची'ऐवजी 'जल्माची', 'चित्रकथा'ऐवजी 'चित्तरकथा'. पहिल्यात महाप्राणाचा अल्पप्राण झाला, दुसऱ्यात नकाराचा लकार, तिसऱ्यात जोडाक्षर फोडून उच्चार सुलभ केला. प्राथमिक शाळेच्या कोणत्याही शिक्षिकेने मुलाच्या वहीत हे तीन शब्द पाहिले असते तर तिन्हींखाली रेघ ओढली असती. शांताबाईंनीही आयुष्यभर ती ओढली असणार. ते त्यांचे कामच होते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. हा सारा काळ शांताबाईंच्या सेवेचा आहे. त्या नियमांनी बोलीला एक सवलत दिली : 'केले'ऐवजी 'केलं' लिहिता येईल. 'जल्म' त्या सवलतीत बसत नाही.

दलित स्त्रियांच्या आत्मकथनांविषयी लिहिताना समीक्षेत काही विशेषणे ठरून गेली आहेत. अकृत्रिम, उत्स्फूर्त, साधीभोळी, अनुभवाची धग असलेली भाषा. ही स्तुती आहे खरी, परंतु तिच्यात एक गृहीतक आहे. लेखिकेला दुसरी भाषा येत नव्हती म्हणून तिने ही वापरली, असे ते गृहीतक. शांताबाईंच्या बाबतीत ते उघडच चुकीचे आहे. प्रमाणभाषा त्यांना येत होती, इतकेच नव्हे तर ती इतरांना येते की नाही हे ठरविण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. विस्तार अधिकारी म्हणून शाळांचे शेरे लिहिताना त्यांनी 'जल्म' लिहिला नसेल. तेव्हा आत्मकथनातील बोली ही अभावातून आलेली नाही. ती निवडलेली आहे. एखादी बोली जगणे आणि ती छापील शीर्षक म्हणून निवडणे यांत जे अंतर आहे ते एकोणचाळीस वर्षांच्या शिक्षकी पेशाचे आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. १९८६ पर्यंत 'बलुतं', 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'उपरा' (१९८०) ही पुस्तके आलेली होती व बोलीला साहित्यात प्रतिष्ठा मिळाली होती. शांताबाईंनी केवळ रूढ झालेला संकेत स्वीकारला, असे म्हणता येईल. आक्षेपात तथ्य आहे. दया पवार यांनी दार उघडले नसते तर अनेकांना आत येणे अवघड गेले असते. मात्र संकेत स्वीकारण्यातही फरक असतात. 'बलुतं'चे निवेदन बव्हंशी प्रमाणभाषेच्या जवळ राहते व बोली संवादांत येते. त्याच वर्षी ग्रंथरूपाने आलेल्या बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'शी तुलना अधिक उपयुक्त आहे. बेबीताई फलटणला दुकान चालवीत आणि गिऱ्हाइकांतून सवड काढून, घरच्यांपासून लपवून लिहीत. त्यांची भाषा समाजाला थेट हाक देणारी, आवेशाची, कधी सभेतल्या भाषणासारखी चढत जाणारी आहे. शांताबाईंची वाक्ये छोटी, प्रसंग प्रसंगाला लागून, भाष्य अगदी थोडे. दुसरीच्या वर्गासमोर गोष्ट सांगणाऱ्याला जी शिस्त लागते ती येथे आहे : एका वेळी एक गोष्ट, एका वाक्यात एक क्रिया, आणि तात्पर्य शक्यतो ऐकणाऱ्यावर सोडलेले. बोली नाजाची, बांधणी बाईंची. दया पवारांच्या रचनेत जी फोड पडली ती येथे का पडली नाही, याचे उत्तर या मिश्रणात सापडण्याची शक्यता आहे. शिक्षणाने शांताबाईंपासून नाजाची भाषा हिरावली नाही, कारण शिक्षण हा त्यांचा रोजचा धंदा होता. वर्गात पहिलीतले मूल जी बोली घेऊन येते ती आधी समजून घेतल्याखेरीज त्याला काही शिकवता येत नाही. दोन्ही भाषांमध्ये ये-जा करणे हेच प्राथमिक शिक्षकाचे काम.

'जल्म' या शब्दाविषयी आणखी थोडे. हे रूप केवळ 'अशुद्ध' उच्चार नव्हे. जात्यावरच्या ओव्यांत स्त्रियांनी आपल्या वाट्याच्या आयुष्यासाठी हाच शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरला आहे. 'जन्म' ही घटना आहे, एका दिवशी घडणारी. 'जल्म' म्हणजे जन्मापासून मरणापर्यंत वाट्याला आलेले सारे. तसेच 'चित्तरकथा'. लोकव्यवहारात हा शब्द नुसत्या चित्रमय गोष्टीसाठी नाही, तर ऐकणाऱ्याला नवल वाटावे अशा विचित्र, गुंतागुंतीच्या कहाणीसाठी येतो. त्यात किंचित उपहासही असतो. इंग्रजीत या पुस्तकाचा उल्लेख 'द कॅलिडोस्कोप स्टोरी ऑफ माय लाइफ' असा होतो. शोभादर्शकातील काचांचे रंग त्यात आले, पण आपल्याच आयुष्याकडे नवलाने आणि थोड्या विनोदाने पाहणारी बाई निसटली.

आई म्हणून

मराठीत 'आई' हे साहित्यपात्र मुलांनी घडवले आहे. साने गुरुजींची 'श्यामची आई' (१९३५) हे त्याचे सर्वांत प्रभावी उदाहरण. तिथे आई शिकवते, पण तिची शाळा घर हीच असते आणि ती बोलते ती मुलाच्या आठवणीतून. दलित कवितेतील आईही मोठ्या प्रमाणावर मुलांच्या नजरेतील. शांताबाईंच्या पुस्तकात आई स्वतः बोलते, आणि तिचा मुलगा पँथरचा कवी असूनही पुस्तक त्याच्याभोवती फिरत नाही. १९८६ साली अरुण कांबळे यांचे नाव महाराष्ट्राला परिचित होते. एखाद्या कमी आत्मविश्वासाच्या लेखिकेने मुलाच्या कीर्तीच्या उजेडात आपली कहाणी मांडली असती. येथे तसे होत नाही. नवऱ्याच्या बाबतीतही हिशेब चुकता करण्याचा सूर नाही. या संयमाचे श्रेय सोशिकपणाला देण्याची घाई होते. घर सोडून निघून जाणाऱ्या स्त्रीला सोशिक म्हणणे कठीण आहे. आपली मुले हे वाचणार आहेत, याचे भान हे अधिक पटणारे कारण वाटते. सांगायचे ते सर्व सांगितले आहे. फक्त आवाज चढवलेला नाही. वर्ग ताब्यात असलेल्या शिक्षिकेला आवाज चढवावा लागत नाही.

पुस्तकानंतर शांताबाई सदतीस वर्षे जगल्या. डिसेंबर २००९ मध्ये अरुण कांबळे यांचा हैदराबाद येथे मृत्यू झाला, तेव्हा त्यांचे वय शहाऐंशी होते. आत्मकथनाला पुढचा भाग जोडला गेला असता तर त्याची सुरुवात तेथून झाली असती. मुंबई विद्यापीठाच्या मराठी विभागाचे प्रमुखपद अरुण कांबळे यांनी भूषवले, आणि आईचे पुस्तक त्याच विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात लागले. महूदच्या शाळेत जिला जागा मिळत नव्हती तिच्या घराची मराठीच्या अध्यापनातील ही दुसरी पिढी होती.

या पुस्तकावर दीर्घोत्तरी प्रश्न विचारले जातात. विद्यार्थी त्यांची उत्तरे लिहितात. बोलीच्या सामर्थ्यावरील उत्तरात एखाद्या माणदेशी मुलीने 'जल्म' असे लिहिले तर तपासणाऱ्याची लेखणी तेथे थबकते की रेघ ओढून पुढे जाते, हे सांगता येणार नाही. पण एक गोष्ट कोणालाही पडताळून पाहता येण्यासारखी आहे. लेखांत, याद्यांत आणि संदर्भांत या पुस्तकाचे नाव अनेकदा 'माझ्या जल्माची चित्तरकथा' असे छापलेले आढळते, आणि काही वेळा त्यापुढे जाऊन 'माझ्या जन्माची' असेही. पुस्तकाचे नाव उतरवून घेताना कोणीतरी बाईंची वही तपासली आणि पहिल्याच शब्दात एक चूक दुरुस्त केली.